इनास मेस्त्रीच्या आवारातल्या दोन बोटी

“वाजव,” मी दिगूला म्हणाले.

“काय वाजव, आये? ढोल आसा काय तो?”

“बोटाच्या पेरान ठोकून बघ. पोकळ वाजली तर फायबर पातळ मारलो आसा समज. तुझो बापूस लाकूडसुद्धा वाजवन घेय.”

दिगूने त्या लाल-पांढऱ्या बोटीच्या कुशीवर ठोकलं. आवाज घट्ट आला. इनास मेस्त्री कमरेवर हात ठेवून बघत होता. वेंगुर्ल्याच्या खाडीकाठी त्याचं आवार, पत्र्याची शेड, आणि फायबरचा तो नाकात बसणारा वास. आमच्या वाडीतल्या निम्म्या बोटी त्याच्याच हातच्या.

“काकी, तुमका मी पातळ देईन काय?”

“तू देवचंस नाय. पण तुझ्या कामगारांका जेवल्यावर झोप येता. ती खयच्या बोटीत काढतत ता सांग, ती सोडून दुसरी घेतव.”

शेडमधले तिघे-चौघे हसले. दिगू हसला. माझी सून सुचिता मागे उभी होती, ती हसली नाही. मीही नाही. त्या दिवसांत माझी जीभ आपली आपण चालायची. बाकीची मी कुठे होते ते मलाच ठाऊक नव्हतं. सुचिता जेवताना विचारायची, आमटीत मीठ पुरे का, आणि मी ‘पुरे’ म्हणायचे. एकदा तिने मीठ घातलंच नव्हतं, तरी मी ‘पुरे’ म्हणाले होते.

माझा थोरला पुंडलिक, सुचिताचा नवरा, त्याला जाऊन पाच महिने झाले होते. शिमगा झाल्यावर आठव्या दिवशी सकाळी तो एकटाच जाळी उचलायला गेला. समुद्र परातीतल्या पाण्यासारखा सपाट. दुपारी शेजारच्या तांडेलांना आमची बोट नुसती तरंगताना दिसली. आत पाणी शिरलेलं नाही, अर्धं जाळं आत, अर्धं बाहेर. पुंडू तिसऱ्या दिवशी किनाऱ्याच्या खडपाला सापडला. डॉक्टरने बुडून असं लिहिलं. लोक म्हणाले, चक्कर आली असेल. पण सुचिता येईल-जाईल त्याला विचारी, असो पोहणारो माणूस सपाट पाण्यात बुडता कसो? मला तर रोज विचारी. मी सांगे, देवाची मर्जी. आणि उठून दुसऱ्या खोलीत जाई.

ह्याला आता बारा वर्षं झाली. पण इनासच्या आवारातला तो दिवस मला कालच्यासारखा दिसतो.

दिगू तेव्हा चोवीस वर्षांचा. त्याला नुसती मासेमारी करायची नव्हती. किनाऱ्यावर सगळीकडे पर्यटकांचं चाललं होतं. त्याचं म्हणणं, सकाळी जाळी, दहा वाजल्यापासून पर्यटक. एकाच बोटीत दोन्ही. मला नाही म्हणायचं नव्हतं. समुद्र सोडून त्याला काही येत नव्हतं, आणि घरात दुसरा पुरुष नव्हता. त्याला पाण्यावर पाठवणं भाग होतं. तो परत घरी येईल अशी बोट बघायची, एवढंच माझ्या हातात होतं. आणि आम्हा कुबलांच्या घरात माझ्या शब्दाशिवाय काडेपेटीसुद्धा येत नव्हती, म्हणून बोट मीच पसंत करणार हे सगळ्यांनी धरलेलं होतं.

इनासकडे दोन तयार होत्या. ही लाल-पांढरी, लांब, उंच बाजूंची, नाक वर केलेली. दुसरी हिरवी, जरा आखूड आणि बुटकी, धक्क्याला बांधून पाण्यातच ठेवलेली.

“आये, ही बघ.” दिगू लाल-पांढरीत चढून उभा राहिला. शेडमध्ये ती लाकडी घोड्यांवर होती, त्याला स्टूल लागलं. “हंय धा माणसा आरामात. बाका काढली की जाळ्यांक जागा. मागे हो खांब बघितलंस? हेका दोरी बांधून, पर्यटकांक बसवन तो फुगवलेलो बनाना ओढूचो. मोठा इंजिन बसता. डॉल्फिन बघूक नेलंय तर मुंबयची माणसा खूश.”

“मुंबयची माणसा डॉल्फिन नाय दिसलो तरी खूश असतत. फोटो मिळालो म्हणजे झाला.”

“मगे?”

“रंग बघ तेचो. सर्कशीतल्या विदूषकासारखो.”

“रंग बदलून देतंय, काकी,” इनास म्हणाला.

“आणि ह्या नाक कित्याक इतक्या वर? कोणाचो वास येता तिका?”

“आये, लाट कापूक.”

“तुझ्या बापाशीन बिननाकाच्या होडीतसून चाळीस वर्सा लाट कापली.”

मी काहीबाही बोलत होते. खांब वाकडा आहे म्हणाले, तो सरळ होता. बाकं अरुंद आहेत म्हणाले. दिगूने माझ्यासमोर बसून दाखवलं. कसंही करून त्या लाल-पांढरीवरून त्याचं मन उडवायचं होतं, आणि खरं कारण सोडून बाकी सगळी कारणं मी एकेक करून वापरत होते. इनास माझ्याकडे बघत नव्हता. तो हातातल्या चिंधीने बोटीचा पुसलेला काठ पुन्हा पुसत होता.

“काकी,” तो एकदा म्हणाला, “बाजू जरा उंच आसा हिची. तुमका चालतली काय?”

“माका काय विचारतस? माका खंय मासे मारूक जावचा आसा?”

तो पुन्हा काठ पुसायला लागला. पुंडूच्या दिवसांना तो आमच्या घरी आला होता तेव्हाही फार बोलला नव्हता. जाताना घरामागच्या परड्यात पालथ्या घातलेल्या आमच्या बोटीपाशी थोडा वेळ उभा राहिला, आणि गेला.

“हिका पाण्यात घाल,” मी म्हणाले.

“आता?”

“भरती आसा. पाण्यात घातल्याशिवाय बोट काय कळता? लग्नात चेडू बघितलं तर चालवन बघतत, ही तर बोट.”

कामगारांनी लाल-पांढरी ढकलगाडीवर घेतली आणि उतारावरून खाडीत सोडली. ती पाण्यावर बसली ती अशी झोकात, की दिगूने शीळ घातली. मग मी लुगड्याचा काष्टा घट्ट केला, चपला काढल्या आणि धक्क्याच्या पायऱ्या उतरायला लागले.

“आये! खंय चललंस?”

“बोट बघूक.”

“हंयसून दिसता ना!”

“माका पाण्यातसून बघूची आसा.”

मी अठ्ठावन्न वर्षांची होते. पोहायला मला लहानपणापासून येतं. आमच्यात ते कुणी शिकवत नाही. चार हात मारून मी लाल-पांढरीपाशी गेले आणि काठ धरला. हात पोचत होते. ओढ घेतली, पण अंग वर येईना. पाय आधार शोधत होते आणि खाली नुसता गुळगुळीत उतार होता. पाय टेकवायला गेले की ते बोटीच्या पोटाखाली सरकत आणि मी उताणी होई. पुन्हा ओढ घेतली. पुन्हा तेच.

मला भीती वाटली नाही. काहीच वाटलं नाही. इथवर आल्यावर माणूस काय करतो, एवढंच मी बघत होते. तो दुसऱ्या बाजूला जातो. मी गेले. तिकडेही तेच. मग तो नाकाकडे जातो, मग मागे. मीही गेले.

“आये,” दिगू धक्क्यावरून ओरडला, “प्रदक्षिणा घालतस काय?”

कामगार हसले. इनास हसला नाही.

मग मी हिरवीकडे गेले. तिचा काठ पाण्याला लागून होता. दोन वेळा निसटले, तिसऱ्या वेळी छाती काठावर आली आणि मी जाळ्यातल्या मासळीसारखी आत पडले. वर आभाळ दिसलं. कुणीतरी टाळी वाजवली.

“ही घे,” मी पडल्या पडल्याच म्हणाले.

“ही? हेच्यात पाच माणसा बसली तर सहाव्याक खांद्यावर घेऊचा लागतला! आणि बनाना कोण ओढतला, मी पोहत?”

“ह्या बोटीत चढूक येता.”

“तुका त्या बोटीत चढूक नाय येवक, कित्याक तर तुझा वय झाला.” दिगू धक्क्याच्या कडेला आला. “माका येता काय बघ.” शर्ट काढला आणि उडी मारली.

लाल-पांढरीपाशी जाऊन त्याने काठ धरला, एकदा खाली दबला, पाण्याला लाथ मारली आणि सरळ वर. काठावर पोट, मग गुडघा, मग आत उभा. श्वाससुद्धा चढला नव्हता.

“आणि?” तो ओरडला.

“परत.”

तो परत पडला, परत चढला. तिसऱ्यांदा मागच्या बाजूने, चौथ्यांदा एका हाताने. कामगार मोजत होते. पाचव्या वेळी तो आत उभा राहून पाणी निथळत म्हणाला, “आये, आता पेढो दी.”

“दोन तास जाळा ओढून दमल्यावर चढ,” मी म्हणाले. “हातात गोळे आले की चढ. इंजिन वर घेतलेला आसताना चढ. धक्क्यार बघणारी चार माणसा नसताना चढ.”

“आये, मी पाच वेळा चढलंय. तू एकदाय चढूक नाय. मगे बोट कोणाची?”

त्याचं बरोबर होतं. माझ्याकडे जे होतं ते मी पाण्यात उतरून दाखवलं होतं आणि त्याने ते पाच वेळा खोटं पाडलं होतं. मी धक्क्यावर आले. लुगडं पायाला चिकटलं होतं. सुचिताने खांद्यावर टॉवेल टाकला. सकाळपासून ती चार शब्दही बोलली नव्हती. आता बोलली, हळू, मला समजवावं तशी.

“आये, घेवंदे तेका ती मोठी. माका पण तीच बरी दिसता. बाजू उंच आसा तर माणूस भायर पडाचो नाय.”

हेच वाक्य. वर्षापूर्वी ह्याच आवारात मी हेच बोलले होते.

मला वाटलं, आता गप्प बसावं. दिगू धडधाकट आहे, त्याला चढता येतं, पुढेही येईल. घरी जावं, नारळ फोडावा, पेढे वाटावे. जीभ टाळ्याला लावून ठेवली तर एवढं सगळं होणार होतं. आणि सुचिता रात्री भांडी घासताना मला विचारणार होती, सपाट पाण्यात माणूस बुडता कसो.

“पुंडू भायर पडान मराक नाय,” मी म्हणाले. “भायर पडलो तो पडलो. तेका परत आत येवक मिळाक नाय.”

टॉवेलवरचा तिचा हात थांबला.

“काय?”

“आमच्या बोटीची बाजू वीतभर चढवलेली. मीच चढवन घेतलंय. सोलापूरची माणसा एकदा फेरी मारूक आपल्या बोटीत बसलेली, त्यातली एक बाई लाटेन भिजली आणि किनाऱ्यार येऊन सगळ्यांसमोर बोलली, ही काय बोट म्हणायची की गुळाची काहील. माका लागला ता. दुसऱ्या दिवशी बोट घेऊन ह्या इनासाकडे इलंय. बाजू चढव म्हटलंय.”

“हो इनास तेव्हा म्हणालो,” मी त्याच्याकडे बोट केलं, “काकी, बाजू चढवतंय, पण मगे एक शिडी बांधून घेवा. नायतर दोरीचो फासो तरी सोडा. पाण्यात पडलेल्या माणसाक पाय ठेवक काय तरी व्हया.”

इनास खाली बघत होता.

“मी काय म्हटलंय, सांग तिका.”

“ऱ्हवांदे काकी.”

“सांग.”

“काकी म्हणाली,” इनास सुचिताकडे न बघता बोलला, “शिडी पर्यटकांक. कुबलांचे झील शिडी लावून होडीत चढाक लागले तर वाडी हसतली.”

आमच्यात तसंच होतं. कुणाच्या बोटीला दोरी लटकलेली दिसली की म्हणायचे, म्हातारा झाला. पुंडू शेजारीच उभा होता तेव्हा. तो काही बोलला नाही. माझ्यापुढे तो बोलतच नसे. मला त्याचाच अभिमान होता.

“जाळ्यात अडकू नये म्हणून इंजिन वर घेतलेला होता,” मी म्हणाले. “म्हणजे तेच्यारय पाय ठेवक गावलो नसतलो. बोट घरी हाडली तेव्हा मी भायरसून बघितलंय. रंगार नखांचे ओरबाडे होते. दोनी बाजूक. नाकाकडे. मागे.”

दिगू लाल-पांढरीतून धक्क्यावर आला होता. त्याच्या केसांतून पाणी गळत होतं.

“म्हणान तू बोट रंगवलंस,” सुचिता म्हणाली.

पुंडूच्या आठव्या दिवशी मी स्वतः जाऊन निळा रंग आणला आणि परड्यात बसून सगळी बोट रंगवली. बायका म्हणाल्या, द्वारकाबाईच्या डोक्यावर परिणाम झाला. सुचिताने मला रंगाचा डबा धरून दिला होता. तिला वाटलं, सासूला हाताला काहीतरी काम हवं आहे.

“होय,” मी म्हणाले.

“मी रोज विचारी तुका.”

“होय.”

“रोज.”

“होय.”

“किती जागी होते?”

मी म्हणणार होते, बघितलं नाही.

“सतरा.”

खाडीत कुणाचीतरी होडी इंजिन बंद करून येत होती. तिचं पाणी धक्क्याला लागत राहिलं. सुचिता रडली नाही. मला वाटलं होतं ती ओरडेल, मला मारेल. तसं काही झालं असतं तर बरं झालं असतं. तिने माझ्या खांद्यावरचा टॉवेल काढून घेतला, घडी केली आणि पायरीवर ठेवला. मग पदर खोचून ती खाली उतरली.

“वयनी,” दिगू म्हणाला. तिने हाताने त्याला थांबवलं.

सुचिता आत कुडाळकडची. तिला पोहता येत नाही. हिरव्या बोटीच्या दोरीला धरून ती छातीभर पाण्यात गेली आणि एका हाताने काठ चाचपला. मग खाली, पाण्याच्या रेघेखाली पाय टेकवून बघितला. घसरला. पुन्हा टेकवला, जरा वर.

“दिगू, बोट घट धर.”

दिगू पाण्यात उतरला आणि त्याने बोट धरली.

“हंय,” ती म्हणाली. “हंय पायरी व्हयी. दोनी बाजूक आणि मागे. आणि हात घालूक दोरी, भोवतान सगळ्या.” तिने काठापासून वीतभर खाली आडवा हात ठेवला. “माका पोचता इतकी खाली. तुका पोचता इतकी नको.”

“बरा, वयनी,” दिगू म्हणाला.

“आणि एकट्यान जावचा नाय. जाळ्यांक नाय, पर्यटकांक नाय. कोण गावलो नाय तर बोट किनाऱ्यार ऱ्हवतली.”

“बरा.”

“मोठी नको. ही घेऊया.”

इनास कानामागची पेन्सिल काढून पायऱ्यांवर आला होता. खुणा करायच्या म्हणजे कुणीतरी हो म्हणायला हवं. वीस वर्षं त्याने आमच्या घरची कामं केली होती आणि वीस वर्षं ते हो माझं होतं. त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं.

“काकी, मगे ही हिरवी…”

“तिका विचारू नको,” सुचिता पाण्यातूनच म्हणाली. तिने मागे वळून बघितलंसुद्धा नाही. काठावर टेकवलेला हात तिने तसाच ठेवला होता.

इनासने माझ्यावरची नजर काढली. मग पँट गुडघ्यावर दुमडून तो खाली उतरला आणि तिच्या हाताखाली त्याने रेघ ओढली.